कुंदाकाकूंनी पास केलेली सीडी

फोडणीतली मोहरी तडतडत होती आणि टिपणीस सर तर्जनीवर सीडी तोलून धरत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मोहरी शांत होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग आत येऊन फ्रिजवरचा लाल सीडी प्लेअर उघडला, त्यावरची पिठाची बोटं शर्टाच्या टोकानं पुसली आणि सीडी आत ठेवली.

"कुंदा, गाणं लावून राहिलो."

"लावा न. मला काय विचारता? मी काय उठून नाचणार आहे?"

काकूंनी कढईत भिजवलेले पोहे टाकले. मी टेबलाशी बसून वरून घालायचा कांदा चिरत होते. सरांनी बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. त्यांची नजर प्लेअरकडे नव्हती, काकूंच्या पाठीकडे होती.

गाणं सुरू झालं. शैलाताई खांडेकरांचं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं भावगीत. पहिल्याच ओळीत ‘सोनसळी सांज’ आली आणि माझे दात आंबले. एकेक ‘स’ सुईसारखा कानात शिरत होता. झांजेचा ठोका तर असा, की कुणी वाटी फरशीवर घासावी. मी चटकन काकूंकडे पाहिलं. आता त्या झारा आपटतील, आता म्हणतील, ‘अहो, बंद करा ते.’

काकूंनी पोहे हलवले, वर झाकण ठेवलं, कोथिंबीर धुतली. मधेच सुरात सूर मिसळून गुणगुणल्यासुद्धा. गाणं संपलं.

"गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "अगदी गोड. कोण बाई आहे ही?"

"पास!" सर म्हणाले. डब्यातली चिमूटभर शेव तोंडात टाकून ते आनंदानं बाहेर निघून गेले. माझ्या हातातला कांदा तसाच राहिला.

काय बिनसलं होतं ते कळायला आधी टिपणीस सरांचं काम सांगायला हवं. नागपुरात लक्ष्मीनगरात त्यांचं बसकं घर होतं आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत स्टुडिओ. आकाशवाणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या ध्वनिफितींचं मास्टरिंग सुरू केलं होतं. फीत मशीनवर लावायची, तिच्यातला आवाज कॉम्प्युटरमध्ये चोवीस बिटांच्या मोठ्या मापात उतरवून घ्यायचा, त्याच मोठ्या मापात तो धुऊनपुसून नीट करायचा आणि शेवटी साध्या सीडीच्या सोळा बिटांत बसवायचा. सर म्हणायचे, "मोठ्या पातेल्यातली भाजी लहान डब्यात भरायची आहे, पण रस्सा सांडू द्यायचा नाही." वेष्टणावर कंपनी ‘हाय रेझोल्यूशन मास्टरिंग, कोणत्याही सीडी प्लेअरवर चालते’ असं सोनेरी अक्षरांत छापायची. ते ‘कोणत्याही’ खरं करून दाखवायची जबाबदारी सरांची असे.

मी सांगलीकडची, पुण्यात साउंडचा कोर्स करून सरांच्या हाताखाली काम शिकायला आलेली. मला वाटायचं, मास्टरिंग म्हणजे मोठाले स्पीकर आणि अंधारी खोली. सर मात्र शेवटचा निकाल कधीच स्टुडिओत लावत नसत. "ज्याच्याकडे लाखाचे स्पीकर असतात तो सीडी विकत घेत नाही, मित्राकडून उसनी नेतो," असं त्यांचं म्हणणं. "विकत कोण घेतं? ज्याच्या फ्रिजवर असा डबा आहे तो."

म्हणून तयार झालेली प्रत्येक सीडी स्वयंपाकघरात वाजायची. काकूंना ‘ऐक’ म्हणायचं नाही, हा नियम. काकूंना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि समजून घ्यायची हौसही नव्हती. त्यांनी आपलं काम करत राहायचं. काम न थांबता चालू राहिलं तर सीडी पास. काकू काही बोलल्या तर नापास, आणि बोलायच्याही त्यांच्या पद्धतीनं. "लसूण करपल्यासारखं होऊन राहिलं," "ढोकळ्यात सोडा जास्त झाला," "ही बाई गालात पान ठेवून गाते काय?" सर एक शब्द न बोलता सीडी काढून घ्यायचे, मागे जायचे, तासाभरात वरचे, टोकदार आवाज थोडे खाली आणायचे आणि सीडी परत यायची. दुसऱ्या खेपेला काकू पोळ्या लाटत राहायच्या.

मला हा आधी म्हाताऱ्यांचा लाडिक खेळ वाटला होता. मग एकदा कामाच्या कॉम्प्युटरचा जुना पडदा अशी बारीक, टोकदार शिट्टी मारायला लागला, की माझं डोकं उठलं. मी म्हणाले, "सर, ही शिट्टी कसली?" सरांनी मान तिरकी केली. "कुठली शिट्टी?" मी पडदा बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. सर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग उगाचच म्हणाले, "हो हो, आली आता." तोपर्यंत मी पडदा बंद केलेला होता.

सरांना वरचे आवाज ऐकू येत नव्हते. वय झालं की सगळ्यांचंच होतं, पण गवयाचा गळा आणि मास्टरिंगवाल्याचे कान ही सगळ्यांची गोष्ट नसते. ऐकू येत नाही म्हणून ते वरचे आवाज वाढवत जायचे, आणि आपल्याला येईपर्यंत वाढवले की जगाच्या कानात सुया. मी गप्प बसले, कारण स्वयंपाकघर होतं ना! सरांनी कितीही वाढवलं तरी काकूंच्या एका ‘लसूण करपला’पाशी सगळं ताळ्यावर यायचं. आणि त्या गुरुवारी काकूंनी सुयांची सीडी ‘गोड’ म्हणून पास केली. शनिवारी मुंबईहून कंपनीचे कामत येणार होते. शैलाताईंची ही पहिली सीडी त्यांना पटली तर पुढची सगळी मालिका सरांकडे. नाही पटली, तर काम जाईलच, वर ‘टिपणिसांचे कान गेले’ ही बातमी मुंबईपर्यंत पोचेल. त्यानंतर सरांना कुणी लग्नाची कॅसेटसुद्धा दिली नसती.

सर गेल्यावर मी काकूंना विचारणार तरी कसं? मी कांदा पुरा केला. काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि कोथिंबीर निवडायला ओट्यापाशीच उभ्या राहिल्या. मे महिना होता. दिवाणखान्यातला कूलर घरभर वारा फेकत होता. काकू त्यांच्या जावेनं घेतलेल्या साडीचा रंग कसा विटका आहे ते सांगत होत्या. आणि वीज गेली. भारनियमनाचे दिवस, त्यामुळे कुणी ‘अरे’सुद्धा म्हटलं नाही. कूलर घरघरत थांबला. घर एकदम चिडीचूप झालं.

त्या शांततेत मला ‘सूंऽऽ’ ऐकू आलं.

"काकू, गॅस!"

मी उठेपर्यंत त्यांनी वाकून पाहिलं. कूलरच्या झोतानं बर्नर विझला होता आणि गॅस मोकळा सुटला होता. त्यांनी बटण बंद केलं, मी खिडकी उघडली. दोघी दाराशी जाऊन उभ्या राहिलो.

"बाप्पा! वास तर आलाच नाही अजून," काकू म्हणाल्या. "तुला कसं कळलं?"

"आवाज आला."

"कशाचा?"

"गॅसचा. सूं करत होता ना."

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या गॅसपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि मी टेबलाशी. हवा मोकळी झाल्यावर ओट्यापाशी गेल्या, वाकल्या, कान बर्नरपाशी नेला आणि क्षणभर बटण फिरवलं.

"आता येऊन राहिला?"

"हो. बंद करा, काकू."

त्यांनी बंद केलं. पदरानं ओटा पुसला, जो आधीच स्वच्छ होता. मग टेबलाशी माझ्यासमोर बसल्या.

"मघाचं ते गाणं," त्या म्हणाल्या. "खरं सांग, उल्का. टोचून राहिलं होतं काय?"

मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. पण त्यांची नजर अशी होती की खोटं सुचलंच नाही. "हो, काकू. खूप."

"मला गोड वाटलं गं," त्या म्हणाल्या. "खरंच गोड वाटलं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला आणि लगेच सोडलाही. "कांद्याचे हात आहेत तुझे."

मागे स्टुडिओत सर यूपीएसशी भांडत होते, ते इथवर ऐकू येत होतं. काकूंनी तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ह्यांचं तुला माहीत आहे न?"

"तुम्हालाही माहीत आहे?"

"अगं, नवरा आहे माझा! आमच्या दाराला चिमणीची घंटी होती. चिवचिव वाजे. पोरगा पुण्याहून घेऊन आलेला. एकदा हे दिवाणखान्यात पेपर वाचत बसलेले, आणि बाहेर माणूस घंटी दाबून दाबून थकला. मी आतून आली तर हे निवांत. मला म्हणे, कोणी आलं होतं का? मी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती चिमणी काढली आणि टिंगटाँग लावली. म्हटलं, त्या चिवचिवीनं माझं डोकं दुखते." त्या जरा हसल्या. "त्याच्यानंतरच हे गाणं घेऊन इकडे यायला लागले. आधी कधी पाऊल टाकत नसत स्वयंपाकघरात. मला समजलं. त्यांना वाटते मला नाही समजलं."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मुद्दाम ऐकत होतात?"

"ऐकत कशाला? कानावर पडे. वाईट वाटलं तर बोलायची. पण बोलायची जपून. ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं होऊ नये, ‘माझी कटकट आहे’ असं व्हावं." काकूंनी टेबलावरची कांद्याची सालं गोळा केली. "आता माझेही कान गेले, तर ह्यांनी काय करायचं? हे काम म्हणजे त्यांचा जीव आहे. सकाळी उठतात ते त्या फितींसाठी. तू त्यांना सांगू नको हं. माझं तर अजिबात नाही."

मी कबूल केलं. त्यावर काकूंनी डोळे पुसले आणि लगेच कामाला लागल्या. बाईंचं रडणंसुद्धा आटोपशीर होतं.

त्यांचा बेत असा, की सीडी परत लावून घ्यायची. मी शेजारी उभं राहायचं आणि ‘स’ टोचला की त्यांना कोपर लावायचं. बाकीचं त्या पाहून घेतील. मी म्हणाले, "पण मी ओट्यापाशी कशासाठी उभी असेन?" काकू म्हणाल्या, "पोळ्या लाट." मी म्हणाले, "मला पोळ्या येत नाहीत." काकू म्हणाल्या, "गाण्यात कुठे कोण पाहते पोळीकडे?"

शुक्रवारी सकाळी काकूंनी सरांना हाक मारली. "अहो, ती कालची बाई परत लावा न जरा. काल माझं लक्ष नव्हतं."

सर चष्मा वर करून म्हणाले, "लक्ष? तू कधीपासून लक्ष देऊन राहिली?"

"लावा म्हटलं तर लावा!"

सीडी लागली. सर हात मागे बांधून उभे. काकू तव्यापाशी, मी पोळपाटाशी. ‘सोनसळी’ आली, मी कोपर दिलं. "अगं आई," काकू म्हणाल्या. पुढचा ‘स’ आला, मी पुन्हा कोपर दिलं. "अहो, काय हे! सुया टोचून राहिल्या कानात." झांज वाजली. मी जरा जोरात कोपर दिलं, तर काकूंच्या हातातली पोळी चिमट्यातून निसटून गॅसवर पडली. "अरे देवा! बंद करा ते!"

सरांनी बंद केलं. एरवी ते लगेच सीडी काढून घ्यायचे. त्या दिवशी थांबले.

"कुठे टोचते?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी याआधी कधी विचारला नव्हता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळपाटाकडे पाहिलं.

"ते... ‘स’ येते न, तिथे," काकू म्हणाल्या. "‘स’ आणि ‘श’. आणि ती झांज."

"बरं," सर म्हणाले. सीडी काढली आणि निघून गेले. काकूंनी माझ्या पाठीवर पिठाचा हात मारला. "जमलं की नाही!" मलाही तेव्हा वाटलं, जमलं.

थोड्या वेळानं मी स्टुडिओत गेले. सर टेबलाशी बसले होते. फीत लावलेली नव्हती, कॉम्प्युटर चालू केलेला नव्हता. नुसते बसले होते.

"दार लाव," ते म्हणाले. मी लावलं. "कुंदा ‘स’ म्हणाली."

"हो. ‘स’ जरा जास्तच येतोय ना, सर."

"उल्का, इतकी वर्षं तिनं मला लसूण सांगितला, सोडा सांगितला, गालातलं पान सांगितलं. ‘स’ आणि ‘श’ ही आपली भाषा आहे. ती तिला कोणी शिकवली?"

मी दाराच्या कडीशी चाळा करत उभी राहिले.

"आणि तुला पोळ्या येत नाहीत. ती पोळी पाहिली मी. महाराष्ट्राचा नकाशा बरा."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. सर हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तिला कधीपासून ऐकू येत नाही?"

"सर, त्यांनी मला सांगितलंय की तुम्हाला..."

"सांगू नकोस म्हणाली असेल. म्हणणारच. चिमणीची घंटी काढली तेव्हाही डोकं दुखते म्हणाली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला तेव्हाच कळलं होतं की तिला कळलं. पण ती बोलली नाही, म्हणून मीही बोललो नाही. तिच्या पाठीकडे पाहून काम करून राहिलो. तिचा खांदा जरा आखडला तरी मला समजे, हे जास्त झालं. काल खांदा आखडला नाही. मी खूश झालो. वाटलं, पहिल्याच खेपेला पास, म्हणजे कान अजून शाबूत आहेत माझे." त्यांनी टेबलावरचा चष्मा सरळ केला आणि ते म्हणाले, "मला वाटलं होतं उल्का, म्हातारा मी एकटाच होऊन राहिलो."

मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले.

"तिला सांगू नको, मला कळलं म्हणून," सर म्हणाले.

"सर, त्याही अगदी हेच म्हणाल्या."

आता मात्र ते हसले. चष्मा डोळ्यांवर चढवला, उठले, आणि त्यांची खुर्ची, जिच्यावर मी कधी बसले नव्हते, ती माझ्याकडे ढकलली. "बस. तू ऐक. काय ऐकू येतं ते मला सांग, काय करायचं ते मी सांगतो."

आम्ही तसंच केलं. मी म्हणायचे, "‘सांज’मधला ‘स’ अजून टोचतोय." सर म्हणायचे, "सगळं वरचं नको कापू, शैलाताईंचा श्वास जाईल. फक्त ‘स’पुरतं दाब. आणखी थोडं. आता?" मी म्हणायचे, "आता बोबड्या झाल्या." "मग निम्मं परत दे." त्यांना जे ऐकू येत नव्हतं ते नेमकं कुठे आणि किती असेल हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला ऐकू येत होतं, पण त्याचं करायचं काय हे ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत दोघांनी मिळून एक कान तयार केला. शैलाताई शेजारच्या खोलीत बसून गाताहेत असं वाटायला लागलं, तेव्हा मी नुसती मान हलवली आणि सरांनी सोळा बिटांची सीडी काढली.

त्या दुपारी काकूंनी ती पास केली. मी कोपर लावलं नाही, हे त्यांचं कारण. सर पाठीकडे पाहायला आलेच नाहीत, दारातूनच "पास न?" म्हणून विचारून गेले. दोघं एकमेकांसाठी नाटक करत होती आणि दोन्हीकडची तिकिटं माझ्याकडे. मला मुळीच चैन पडत नव्हती.

शनिवारी कामत आले. पन्नाशीचे, घामेजलेले, विमानतळावरून टॅक्सी न करता नागपूरच्या मित्राची गाडी घेऊन आलेले. सरांनी त्यांना सरळ स्वयंपाकघरात आणलं आणि स्टुलावर बसवलं. काकूंनी पन्हं दिलं. लाल प्लेअरवर गाणं लागलं. कामत डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर ते स्टुलावरच सरांकडे वळले.

"सर," ते म्हणाले, "आमच्याकडे नव्या मशिनी आहेत, नवी पोरं आहेत. पण हे नाही होत. या वयात हे कान! मुंबईच्या पोरांना दाखवायला न्यायला हवं तुम्हाला."

काकूंनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. सरांनी मात्र पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला.

"कामत, ते कान माझे नाहीत," सर म्हणाले.

"अहो, आणखी पन्हं देऊ का त्यांना?" काकू घाईनं म्हणाल्या.

"थांब, कुंदा. कामत, मला वरचं बरीच वर्षं ऐकू येत नाही. तुमच्या आजवरच्या सगळ्या सीड्या हिच्या कानांनी झाल्या. आता तिलाही येत नाही. ही सीडी केली उल्कानं आणि मी मिळून. यापुढची तशीच होईल. नाव लावायचं तर उल्काचं आधी लावा. चालत असेल तर काम द्या, नाही तर पन्हं पिऊन जा. राग नाही."

कामतांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मी... जरा गाडीत लावून पाहतो," ते म्हणाले. टेबलावरची दुसरी प्रत उचलली आणि बाहेर गेले.

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. आधी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीशी सरकले.

"तिनं नाही सांगितलं," सर म्हणाले. "तू ‘स’ म्हणाली, तेव्हा समजलं."

"मग काल ‘पास न’ म्हणून काय विचारत होते?"

"तुझं मन राखून राहिलो होतो."

"माझं मन!" काकूंचा आवाज चढला. "इकडे मी कोपरं खाऊन खाऊन काळीनिळी झाली तुमचं मन राखायला! आणि तुम्ही त्या माणसासमोर सगळं ओकून मोकळे! आता गेलं न काम? दिवसभर काय कराल? माझ्या डोक्यावर बसाल?"

"तुझ्याशेजारी बसीन."

सर स्टुलावर बसले. बाहेर कामतांच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"कुंदा, मला तू चुका काढायचीस त्याचं कधी वाईट वाटलं नाही," सर म्हणाले. "वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटे. मी इथे उभा, तू तिथे उभी. एकच गाणं, एकच घर. आणि तू ऐकून राहिली ते वेगळं, मी ऐकून राहिलो ते वेगळं. तुझ्या गाण्यात काहीतरी आहे, जे मला कधीच दिसणार नाही, असं वाटे. एकटं वाटे मला, इथे, तुझ्या मागे उभं राहून." त्यांनी खाली ठेवलेला ग्लास उचलून हातात फिरवला. "काल मला समजलं, तुला आता जेवढं ऐकू येते तेवढंच मलाही येते. वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण कुठेतरी बरंही वाटलं, कुंदा. खोटं कशाला बोलू?"

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

"म्हणजे आता सारखंच?" त्यांनी विचारलं.

"सारखंच."

काकूंनी गॅस बंद केला. कढई झाकली. पदराला हात पुसले. मी त्या घरात दोन वर्षं होते, पण गाणं चालू असताना काकूंना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबलाखालची खुर्ची ओढली, सरांच्या स्टुलाला लावली आणि बसल्या.

"लावा मग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून लावा. आज मी काहीच करणार नाही, नुसती ऐकीन."

सरांनी उठून बटण दाबलं आणि परत येऊन बसले. शैलाताई गायला लागल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, झांजेची विरत जाणारी कड ऐकू येत होती. त्या दोघांना यातलं काहीच येत नव्हतं. काकूंनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तालाशी त्यांचं बोट हलत होतं. मधेच त्या सरांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "गोड आहे हो." सरांनी नुसती मान डोलावली.

जाळीच्या दाराशी कामत आले. कपाळाचा घाम पुसत होते, हसत होते, आणि "पुढच्या सीड्या कधी..." असं काहीतरी म्हणायला लागले होते. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना बाहेरच थांबवलं. गाणं अजून अर्ध्यावरच आलं होतं.